गुडघे, बस आणि एडवर्ड अॅबी

लास व्हेगासहून बस सुटली तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं. आई खिडकीशी, मी तिच्या शेजारी, आणि माझ्या फोनमध्ये एडवर्ड अॅबीचं ‘डेझर्ट सॉलिटेअर’. तीन दिवसांत झायन, ब्राइस, हॉर्सशू बेंड आणि ग्रँड कॅन्यन. मैत्रिणींबरोबर असते तर गाडी भाड्याने घेऊन ट्रेक केले असते. बसची टूर घेतली ती आईच्या गुडघ्यांसाठी. आणि या वाळवंटाबद्दल वाचायचं म्हटलं की पहिलं नाव जो तो अॅबीचंच सांगतो, म्हणून हे पुस्तक.

प्रस्तावनेतच अॅबी दम भरतो. गाडीत बसून तुम्हाला इथलं काहीही दिसणार नाही. उतरा, चाला. त्याहून बरं म्हणजे दगडांवरून, काट्यांतून रांगत जा. मागे रक्ताचे डाग उमटायला लागले, की मग कदाचित काहीतरी दिसेल. मी शेजारी पाहिलं. एसी झोंबत होता म्हणून आईने गुडघ्यांवर शाल घेतली होती.

पुस्तक 1968 सालचं. अॅबी 1956 आणि 57 मध्ये युटामधल्या आर्चेसला हंगामी रेंजर होता. तेव्हा तिथे धड रस्ताही नव्हता. त्या दोन हंगामांचा त्याने पुस्तकात एकच उन्हाळा केला आहे. वाळवंटाबद्दल लिहिताना तो हळवा होत नाही, हे मला फार आवडलं. त्याच्या ट्रेलरखाली रॅटलस्नेक राहायला येतात, तर तो त्यांना पळवायला दुसरा एक साप पाळतो, आणि हे सगळं शेजाऱ्याची गोष्ट सांगावी तसं सांगतो.

पुस्तकात एक प्रकरण पर्यटनावर आहे. अॅबी त्याला ‘औद्योगिक पर्यटन’ म्हणतो. रस्ता केला की गाड्या येतात, गाड्या आल्या की आणखी रस्ता लागतो, आणि ज्यासाठी हे सगळं केलं ती शांतताच उरत नाही. आर्चेसमध्ये नव्या रस्त्याच्या आखणीसाठी ठोकलेल्या खुंट्या त्याने रात्री जाऊन उपटल्या होत्या, हेही तो सांगून टाकतो. रस्ता व्हायचा तो झालाच. 2021 मध्ये आर्चेसला 18 लाखांवर माणसं आली, आणि 2022 मध्ये तिथे आत जाण्यासाठी आधी वेळ आरक्षित करण्याची पद्धत आणावी लागली. म्हणजे अॅबीचं निदान बरोबर होतं.

मला खटकला तो त्याचा उपाय. खरं तर उपायापेक्षा त्यातली एक ओळ. पार्कांमध्ये गाड्या बंद करा, लोकांना चालू द्या, सायकली द्या, असं तो म्हणतो. मग म्हाताऱ्यांचं, आजाऱ्यांचं काय? त्यावर त्याचं म्हणणं असं, की म्हाताऱ्यांची फार कीव करू नका, हा प्रदेश धड होता तेव्हा तो बघायची संधी त्यांना होतीच. तरी मेहेरबानी म्हणून, ज्यांना सायकल झेपत नाही त्यांना शटल बसमध्ये बसू द्या.

हे तो गमतीत लिहितो, मला कळतं. पण गंमतसुद्धा कोणाला तरी समोर धरून केलेली असते. संधी कोणाला होती? त्याच्या त्या उन्हाळ्यांत अमेरिकेतले काळे लोक प्रवासाला निघताना ‘ग्रीन बुक’ जवळ ठेवत होते. कोणत्या गावात मुक्कामाला खोली मिळेल, कुठे जेवायला वाढतील, हे त्यात बघावं लागे. माझ्या आईचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. पुढे तिचे गुडघे धड होते ती वर्षं बँकेच्या काउंटरमागे आणि आमच्या शाळेच्या फियांमध्ये गेली. अॅबीच्या हिशेबात ‘आधी यायला हवं होतं’ म्हणण्याइतकं जग सोपं आहे.

याच पुस्तकात ग्रँडव्ह्यू पॉइंटला हरवलेल्या साठीच्या पर्यटकाचं प्रकरण आहे. शोधपथकाला तो एका झाडाखाली मृत सापडतो. अॅबी त्या मरणाचा जवळजवळ हेवा करतो : मोकळ्या आभाळाखाली, समोर दरी. लिहिलंय सुरेख. पण ते वाचताना वाटलं, की म्हातारा माणूस अॅबीला मेल्यावरच आवडतो. जिवंत असताना तो बस अडवतो.

एवढं सगळं मनात धरून मी हॉर्सशू बेंडला उतरले. पार्किंगपासून कड्यापर्यंत साधारण एक किलोमीटर. आई थांबत थांबत आली. खाली कोलोरॅडो नदी हिरवीगार. गाइडने रंगाचं कौतुक केलं, फोटो कुठून छान येतो ते दाखवलं. कोलोरॅडो या स्पॅनिश शब्दाचा अर्थ लालसर. नदी हिरवी दिसते, कारण थोडं वर ग्लेन कॅन्यन धरण आहे आणि तिचा लाल गाळ त्या धरणामागे बसतो. धरणाचं काम 1956 मध्ये सुरू झालं, 1963 मध्ये पाणी अडलं आणि ग्लेन कॅन्यनचा बहुतेक भाग बुडाला. त्याआधी 1959 मध्ये अॅबी एका मित्राबरोबर रबरी होडीतून त्या दरीतून गेला होता. पुस्तकातलं ते सगळ्यात सुंदर प्रकरण. मी कड्यावर उभी राहून आईला ते थोडक्यात सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे हा रंग धरणाचा आहे.” हे आम्हाला बसने सांगितलं नव्हतं, अॅबीने सांगितलं.

मात्र झायनमध्ये अॅबी स्वतःच्याच मेहेरबानीत अडकतो. 2000 सालापासून शटल चालू असताना तिथल्या मुख्य दरीत खासगी गाड्या जात नाहीत. सगळे शटलने जातात, ट्रेकर पोरं आणि माझी आई एकाच बाकावर. हवं तिथे उतरा, मागून दुसरी येते. आई शेवटच्या थांब्यावर उतरून व्हर्जिन नदीकाठी सपाट वाटेवर अर्धा तास चालली आणि दगडावर बसली. रक्त सांडलं नाही. तिला दिसायचं ते दिसलं.

आमच्या टूरच्या बसमध्ये हे होत नव्हतं. ब्राइसला 45 मिनिटं मिळाली. सनसेट पॉइंटजवळच्या बाकावर आई त्या केशरी सुळक्यांकडे बघत बसली. वेळ संपली तेव्हा म्हणाली, “अजून पाच मिनिटं.” मी घड्याळ बघितलं, बसमधली चाळीस माणसं आठवली. पाचाची दहा झाली. आम्ही चढलो तेव्हा कोणी काही बोललं नाही, पण सगळ्यांनी बघितलं. आई पुढे ग्रँड कॅन्यनला वेळेच्या आधी दहा मिनिटं बसपाशी येऊन उभी राहिली.

त्या दहा मिनिटांबद्दल अॅबीकडे काहीच नाही. त्याने चाकांना शिव्या घातल्या, घड्याळ सोडून दिलं. रेंजर होता, मुक्कामालाच होता, त्याच्याकडे वेळच वेळ. हे पुस्तक जरूर वाचा, शक्यतो प्रवासातच. पण ती म्हाताऱ्यांची ओळ आली की शेजारी कोण बसलंय तेही बघा. मी परतीच्या वाटेवर वाचून संपवलं. आई झोपली होती, तिचे बूट लाल धुळीने भरले होते.