दहा दिवसांत हात बसेल का?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील व्यवसाय शिक्षणाचा भाग आम्ही मुद्दाम बारकाईने वाचला. अशी उद्दिष्टे आपल्याला नवीन नाहीत. उच्च माध्यमिक स्तरावरील १० टक्के विद्यार्थी १९९० पर्यंत आणि २५ टक्के १९९५ पर्यंत व्यवसाय अभ्यासक्रमांकडे वळवायचे, असे १९८६ च्या धोरणात ठरले होते. ते साधले नाही. बाराव्या योजनेतील अंदाजाच्या आधारे नवे धोरणच सांगते, की १९ ते २४ वयाच्या भारतीय कामकऱ्यांपैकी ५ टक्क्यांहून कमी जणांना रीतसर व्यवसाय शिक्षण मिळाले. जर्मनीत हे प्रमाण ७५ टक्के आहे.

धोरणाचे निदान आम्हाला पटते. व्यवसाय शिक्षण म्हणजे अभ्यासात मागे पडलेल्यांची सोय, हा समज मोडायलाच हवा. पण सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तर घरी ठेवून सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जायचे, हा उपाय तोकडा आहे. दहा दिवसांत ओळख होते. हात बसत नाही.

याच पुणे जिल्ह्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून शाळांत गेलेल्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा, शेती, गृह-आरोग्य यांतली खरी कामे करतात. गावाला उपयोगी कामेही करून देतात. काम बिघडले, तर पुढच्या आठवड्यात सुधारता येते. शिकणे घडते ते इथे.

इंदापूर तालुक्यातील निरवांगीसारख्या नीराकाठच्या गावाचा विचार करू. ठिबकच्या नळीवरील पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली एकेक मिनिट मोजपात्र धरले, तर पाण्यात फरक का पडतो? घर्षणाने दाब घटतो, हे भौतिकशास्त्र. क्षारांनी तोंड बुजते आणि सौम्य आम्लाने मोकळे होते, हे रसायनशास्त्र. सरासरी काढणे हे गणित. पण फरक शोधून, दुरुस्त करून पुन्हा मोजायला एक भेट पुरत नाही.

आमचा मुख्य आक्षेप हाच आहे: हातकाम विज्ञानाच्या तासाला जोडले नाही आणि त्याला वर्षभर वेळ दिला नाही, तर ते सहल होऊन राहील. शिक्षकांनी दहा दिवस सलग न घेता आठवड्यांत वाटून पाहावेत. हाताने हुशार असलेले मूल वर्गात प्रथमच पुढे येईल.