तीन कोर्टांनी तपासलं, म्हणजे तीनदा सिद्ध झालं का?

आज पेपरऐवजी एक निकाल वाचूया. रिसर्चला येणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा असं मला वाटतं.

जून 2003 मध्ये नाशिक जिल्ह्यात एका कुटुंबावर रात्री हल्ला झाला. पाच जणांचे खून झाले. भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना अटक झाली. 2006 मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. 2007 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशी दिली. आणि 5 मार्च 2019 ला त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं.

मग आधी तीन पायऱ्यांवर काय तपासलं गेलं? अपील म्हणजे नवा प्रयोग नसतो, बहुतेक वेळा तोच रेकॉर्ड पुन्हा वाचला जातो. एकच डेटासेट तिघांनी वाचला तर त्याला रेप्लिकेशन म्हणत नाहीत. इथे तर डेटाच अर्धा होता. वाचलेल्या महिलेने सुरुवातीला पोलिसांकडच्या फोटोंमधून वेगळ्याच चार जणांना ओळखलं होतं. तो धागा पोलिसांनी सोडला आणि सरकारी पक्षाने तो कोर्टासमोर नीट मांडलाच नाही. नको असलेलं रीडिंग गाळून ग्राफ सरळ करावा, तसंच हे.

2009 च्या निकालावरचा माझा आक्षेप आणखी साधा आहे. शिक्षा वाढवण्याआधी आरोपीचं म्हणणं ऐकायचं, हे फौजदारी प्रक्रिया संहितेतच लिहिलेलं होतं. त्या तिघांचं म्हणणं न ऐकता फाशी झाली. सहापैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेही नंतर सिद्ध झालं.

2019 चा निकाल मला मोठा वाटतो. निष्पक्ष तपास आणि खटला हा कलम 21 चा भाग आहे, हे तो ठामपणे सांगतो, प्रत्येकी 5 लाखांची भरपाई देतो आणि दोषी अधिकाऱ्यांवर कारवाई करायला सांगतो. तरी एक गोष्ट खटकते. पोलिस आणि सरकारी वकिलांवर जेवढं बोट ठेवलंय, तेवढं 'हे आम्हाला आधी का दिसलं नाही?' या प्रश्नावर नाही. चूक इन्स्ट्रुमेंटची होती, मान्य. पण रिव्ह्यूअर्सचं काय?

आणि ही दुरुस्ती आपोआप झाली नाही. आधी फेटाळलेल्या पुनर्विलोकन याचिका पुन्हा उघडल्या, कारण फाशीच्या पुनर्विलोकनाची सुनावणी खुल्या कोर्टात व्हावी असं 2014 मध्ये ठरलं होतं. तो नियम नसता तर? तोवर सुमारे 16 वर्षं गेलीच होती.

तेव्हा पुढच्या वेळी पेपरमध्ये 'अनेकांनी दुजोरा दिला' असं दिसलं, तर एवढंच विचारा: प्रत्येकाने स्वतः मोजलं होतं, की एकाच वहीतले आकडे पुन्हा वाचले होते? आणि वहीतून काय गाळलं होतं?