पन्हाळ्यावरचे विमान : विज्ञानमालिका, भूमिकाखेळ आणि संमिश्र कथाविश्व

'चाहता' हा शब्द मराठी समीक्षेने आजवर उंबरठ्याबाहेरच ठेवला आहे. वाचक, रसिक, आस्वादक, सहृदय या संज्ञांना तिच्यात मानाचे स्थान आहे. चाहता मात्र नटनट्यांची छायाचित्रे जमविणारा, विवेक हरवलेला प्रेक्षक म्हणूनच ओळखला जातो. विज्ञानकाल्पनिक दूरचित्रवाणी मालिकांचा चाहता तर दुहेरी उपेक्षेचा धनी होय. कारण दूरचित्रवाणी मालिका आणि विज्ञानकथा या दोहोंकडेही आपल्याकडे दुय्यम दृष्टीने पाहिले जाते. पाश्चात्त्य देशांतील अशा चाहत्यांनी आवडत्या मालिकांची विश्वे पटावरील भूमिकाखेळांत मिसळून जी संमिश्र कथाविश्वे रचली, त्यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हे मिश्रण म्हणजे पोरकट गोंधळ नसून मूळ संहितेचे एक काटेकोर वाचन आहे, आणि त्याचे एक जवळचे भावंड कोल्हापुराच्या गल्लीबोळांत दर दिवाळीला उभे राहते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

भूमिकाखेळाचे स्वरूप थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. चारपाच खेळाडू मेजाभोवती बसतात. प्रत्येकाजवळ एका पात्राचा कागद असतो. त्यावर त्या पात्राचे बळ, चातुर्य व कौशल्ये अंकांत नोंदलेली असतात. एक जण सूत्रधार होतो. तो प्रसंग वर्णन करतो, खेळाडू आपले पात्र काय करील ते सांगतात आणि जेथे यशापयश अनिश्चित असेल तेथे फासे निर्णय देतात. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. मार्क मिलर यांचा अवकाशप्रवासावरील 'ट्रॅव्हलर' १९७७ मध्ये आला. (या खेळात पात्र घडवीत असतानाच ते दगावू शकते, ही त्याची विक्षिप्त ख्याती.) १९८० च्या दशकात 'स्टार ट्रेक' व 'डॉक्टर हू' या मालिकांवर अधिकृत खेळ निघाले. मात्र मिश्रणाच्या दृष्टीने महत्त्वाची घटना २००० सालची. त्या वर्षी विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चे मूलभूत नियम इतरांना वापरण्यास खुले केले. पुढे २००२ मध्ये 'फारस्केप' आणि २००३ मध्ये 'बॅबिलॉन ५' व 'स्टारगेट एसजी-१' या मालिकांवरील खेळ त्याच नियमांच्या पायावर उभे राहिले. परस्परांशी काडीचाही संबंध नसलेल्या मालिकांची पात्रे एकाच मोजपट्टीने मोजता येऊ लागली. चाहते घरगुती पातळीवर पूर्वीपासून जे करीत होते, त्याला आता सामाईक व्याकरण लाभले.

या व्याकरणामुळेच वाचनाचा प्रश्न उभा राहतो. 'बॅबिलॉन ५'मध्ये दुसऱ्याचे मन वाचू शकणाऱ्या व्यक्ती आहेत. अशी एखादी व्यक्ती जादूच्या जगात आणली, तर तिच्या शक्तीला जादू मानावे काय? मानले, तर जादूविरोधी मंत्राने ती निष्प्रभ होईल. परंतु मूळ मालिकेत ही शक्ती जन्मजात असून एक बलाढ्य संस्था अशा व्यक्तींना आपल्या ताब्यात ठेवते. तो सारा राजकीय आशय मंत्राच्या एका फटक्यात नाहीसा होतो. 'स्टार ट्रेक'मधील, माणसाला क्षणार्धात इच्छित स्थळी पोहोचविणारे यंत्र तटबंदीच्या जगात आणले, की वेढा ही कल्पनाच संपते. म्हणून सूत्रधाराला त्या यंत्रावर मर्यादा घालाव्या लागतात. त्या शोधताना त्याच्या ध्यानी येते की मूळ मालिकेचे लेखकही तेच करीत होते; कधी वादळ, कधी बिघाड. यंत्र निर्दोष चालले असते, तर कित्येक कथानके पाच मिनिटांत आटोपली असती. कथेची रचना अशी उकलून पाहणे हे समीक्षकाचेच काम नव्हे काय?

हेन्री जेन्किन्स यांनी 'टेक्श्चुअल पोचर्स' (१९९२) या ग्रंथात चाहत्यांना संहितेच्या रानात चोरून शिकार करणारे म्हटले आहे. ही प्रतिमा मिशेल द सर्तो यांच्याकडून घेतलेली. प्रस्तुत संदर्भात ती अपुरी वाटते. शिकारी हवे ते उचलून निघून जातो. भूमिकाखेळाच्या सूत्रधाराला मात्र त्या रानातच वस्ती करावी लागते. उचललेली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या गोष्टीशी नांदली पाहिजे, हे त्याचे बंधन असते.

मराठी मुलाला हे बंधन परके नाही. माती, दगड, विटा व पोती यांतून दिवाळीत किल्ला उभा राहतो, त्यावर हाळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवली जाते, कुंभार गल्लीतून मावळे येतात आणि महाराज सिंहासनावर बसतात. एवढ्यावर मूल थांबत नाही. घरात असेल ते प्लास्टिकचे विमान, मोटार, बंदूकधारी सैनिक, दूरदर्शनवरील नायकाची बाहुली, सारे त्या गडावर चढते. मावळा बुरुजाहून उंच असतो, याचेही कोणास वावडे नसते.

कोल्हापुरापासून वीसेक किलोमीटरवरील पन्हाळा अशा मातीत उभा करून त्यावर विमान ठेवले, की अडचण सुरू होते. १६६० मध्ये सिद्दी जौहरने या गडाला वेढा घातला होता. विमान असेल, तर महाराज पावसाळी रात्री पायवाटेने विशाळगडाकडे का निघाले? बाजीप्रभूंना घोडखिंड का लढवावी लागली? किल्ला पाहायला आलेल्याने असे विचारले, तर मुलाला उत्तर द्यावेच लागते: गडावर धावपट्टी नाही, इंधन संपले आहे, पावसात उडता येत नाही. विमानाला नाकारणाऱ्या प्रत्येक उत्तरागणिक वेढा म्हणजे काय हे त्याला नव्याने कळत जाते. 'स्टार ट्रेक'च्या सूत्रधाराची कृती याहून भिन्न नाही.

येथे एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. मालिका ही कल्पित, पन्हाळा हा इतिहास. त्या वेढ्यात महाराजांचे रूप घेऊन शत्रूपुढे गेलेल्या शिवा काशीद यांची भूमिका हा खेळ नव्हता. तिची किंमत त्यांनी प्राणांनी मोजली. मालिकेचे स्वामित्व कंपनीकडे असते, इतिहासाचे समाजस्मृतीकडे. आणि स्मृतीशी खेळणे सर्वांनाच रुचेल असे नाही. किल्ल्यांच्या स्पर्धांत प्रतिकृतीच्या अचूकतेस महत्त्व येते ते याच भावनेतून. ती भावना आदरणीय आहे. तथापि अचूकतेचा आग्रह वाढला, की किल्ला वडीलधाऱ्यांच्या हाती जातो आणि मुलाकडे पाणी आणून देण्याचे काम उरते. मुलाने ठेवलेल्या विमानाने इतिहास बदलत नाही. ते उचलून बाजूला ठेवले, तर मुलाचा प्रश्न मात्र जातो.

भूमिकाखेळाच्या मर्यादाही आहेत. अंकांत मांडलेल्या पात्राला संभ्रम, पश्चात्ताप यांसारखे भाव सहज पेलत नाहीत. शिवाय परवान्यांच्या व्यापाराने या खेळांचा पुष्कळ भाग कवायती झाला. तरीही खेळाकडून साहित्याकडे उलट प्रवाह वाहिल्याची ठळक उदाहरणे आहेत. टिमोथी झान यांना 'स्टार वॉर्स'वरील १९९१ ची कादंबरी लिहिताना वेस्ट एंड गेम्सच्या भूमिकाखेळाची पुस्तके संदर्भासाठी देण्यात आली होती. टाय फ्रँक यांनी चालविलेल्या भूमिकाखेळातून घडलेले विश्व डॅनिएल एब्रहम यांच्या सहकार्याने 'लेव्हायथन वेक्स' (२०११) या कादंबरीत उतरले, २०१५ पासून 'द एक्स्पान्स' ही मालिका झाले आणि २०१९ मध्ये पुन्हा भूमिकाखेळ होऊन मेजावर परतले.

मराठीत असे का घडले नाही? कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी (निधन २०२५) मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी १९७४ मध्ये टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठविली, हे सर्वज्ञात आहे. स्पर्धा आणि दिवाळी अंक या दोन अंगणांत मराठी विज्ञानकथा वाढली. दोन्ही ठिकाणी जागा मोजकी. परिणामी एक वैज्ञानिक कल्पना, तिचा एक परिणाम आणि शेवट, असा तिचा रूपबंध स्थिरावला. कादंबऱ्या झाल्या, तथापि एका कृतीतील जग पुढच्या कृतीत चालू राहावे, वाचकाने त्यात घर करावे, अशी सोय क्वचितच झाली. समीक्षेनेही कथेतील विज्ञान बरोबर आहे काय, एवढेच प्रामुख्याने तपासले. त्या जगात राहता येईल काय, हे विचारले नाही.

राहण्याजोगी जगे मुलांना पडद्यावरून मिळाली. १९८० च्या दशकात दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' दाखविली गेली. १९९८ मध्ये केतन मेहता यांची 'कॅप्टन व्योम' आली. तुरुंगातून निसटलेल्या अट्टल गुन्हेगारांचा एकेक करून माग काढणे, हे तिचे सूत्र भूमिकाखेळासाठीच बेतल्यासारखे आहे. त्या पिढीने फासे घेतले नसतील, पात्रांचे कागद भरले नसतील. किल्ले मात्र बांधले. त्या किल्ल्यांची छायाचित्रे निघतात, स्पर्धांचे निकाल छापून येतात. किल्ला दाखविताना मुलाने सांगितलेली गोष्ट, म्हणजे विमान कोणाचे, ते का उडत नाही, बाहुली मावळ्यांच्या बाजूची की जौहरच्या, ही लोकसाहित्याच्या अभ्यासकाने टिपून घ्यावी अशी सामग्री आहे. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून ती गोळा करता येईल. दिवाळीची सुट्टी त्यासाठी पुरेशी आहे.