डब्याची चूल आणि भाकरीची कसोटी

शालेय विज्ञान प्रदर्शनांत आणि स्काउटच्या शिबिरांत दोन डब्यांची चूल नेहमीच कौतुकाचा विषय होते. एकात एक बसणारे पत्र्याचे दोन डबे. बाहेरच्याला खाली भोके, आतल्याला तळाशी आणि वरच्या काठाजवळ भोके. वजन दोन-तीनशे ग्रॅम, त्यामुळे पिशवीत घालून कोठेही नेता येते. काटक्या भरायच्या आणि वरून पेटवायच्या. ‘धूररहित’ व ‘जळणाची बचत करणारी’ असे फलक तिच्यापुढे लावलेले असतात. हे दावे कितपत खरे आहेत?

प्रथम चुलीच्या बाजूने बोलू. लाकूड तापले की त्यातून ज्वलनशील वायू बाहेर पडतात. साध्या चुलीत त्यांपैकी काही न जळताच निसटतात, तोच धूर. डब्याच्या चुलीत जाळ वरून खाली सरकतो, खालून सुटणारे वायू वर येतात आणि दोन डब्यांमधून तापून आलेली हवा वरच्या भोकांतून मिळताच पेट घेतात. अमेरिकेतील टॉम रीड यांनी १९८५ च्या सुमारास मांडलेली ही कल्पना शास्त्रशुद्ध आहे, आणि मुले ती टाकाऊ डब्यांतून उभी करतात हे विशेष.

आता बचतीचा हिशोब पाहू. एक लिटर पाणी २७ अंशांवरून १०० अंशांवर नेण्यास सुमारे ३०० किलोज्यूल उष्णता लागते. हवेत वाळलेल्या एक ग्रॅम लाकडातून साधारण १५ किलोज्यूल मिळतात. म्हणजे सगळी उष्णता पाण्यात गेली, तर २० ग्रॅम लाकूड पुरेल. तीन दगडांच्या चुलीची कार्यक्षमता १० ते १५ टक्के धरली, तर १३५ ते २०० ग्रॅम लागेल. डब्याच्या चुलीची ३० टक्के धरली, तर ६५ ते ७० ग्रॅम. चहापुरता तरी दावा टिकतो.

परंतु परभणी जिल्ह्यात जेवण म्हणजे चहा नव्हे. ‘परभणी मोती’ व ‘परभणी ज्योती’ हे ज्वारीचे वाण देणारे कृषी विद्यापीठ येथेच आहे आणि येथील चुलीचे मुख्य काम भाकरी भाजणे हे आहे. भाकरीला दोन प्रकारची उष्णता लागते. तवा सर्व बाजूंनी सारखा तापावा लागतो आणि नंतर भाकरी विस्तवासमोर उभी करून फुगवावी लागते. डब्याच्या चुलीचा जाळ अरुंद असतो. तव्याचा मध्य करपतो आणि कडा कच्च्या राहतात. उंच, हलक्या डब्यावर जड तवा डुगडुगतो. लहान डब्यातील जळण पंधरा-वीस मिनिटांत संपते आणि मध्येच वरून काटक्या टाकल्या की धूर होतो. ‘धूररहित’ हा फलक तेथेच खोटा ठरतो.

याहून महत्त्वाचा मुद्दा निखाऱ्यांचा आहे. १०० ग्रॅम लाकडामागे २० ग्रॅम कोळसा उरला, तर त्यात सुमारे ६०० किलोज्यूल, म्हणजे मूळ उष्णतेच्या ४० टक्के शिल्लक असतात. आपल्या घरची बाई ही शिल्लक वाया घालवत नाही. ती निखारे पुढे ओढते, त्यांवर भाकरी फुगवते, वांगे भाजते, दूध तापत ठेवते. डब्याच्या चुलीत हेच निखारे खोल तळाशी अडकून पडतात. पाणी उकळण्याच्या चाचणीत ही उणीव कधीच दिसत नाही.

मोठ्या प्रमाणावर असेच घडलेले आहे. १९८३ पासून २००२ पर्यंत चाललेल्या सुधारित चुलींच्या राष्ट्रीय कार्यक्रमात देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या. त्यांतील पुष्कळशा थोड्याच काळात वापरातून गेल्या. प्रयोगशाळेत मोजलेली कार्यक्षमता स्वयंपाकघरात मिळतेच असे नाही, हा त्याचा धडा. उलट पुण्याच्या ‘आरती’ संस्थेचा ‘सराई’ कुकर पाहा. सुमारे १०० ग्रॅम कांडीकोळशावर तो वाफेने भात, वरण व भाजी शिजवतो. भाकरीचा दावा करत नाही. कोणते काम करायचे हे आधी ठरवून केलेली ती रचना आहे.

म्हणून शिक्षकांनी प्रदर्शनातील चुलीला नवी कसोटी लावावी. जळण म्हणून वाळलेल्या पऱ्हाट्या आणि तुराट्या बोटभर लांबीच्या तोडून घ्याव्यात. आधी व नंतर वजन करावे, उरलेला कोळसा वेगळा मोजावा. एक लिटर पाणी आणि पाच भाकऱ्या अशा दोन्ही नोंदी तीन दगडांच्या चुलीशी ताडून पाहाव्यात. भाकरी कशी झाली हे रोज भाकरी करणाऱ्या आईला किंवा आजीला विचारावे. या परीक्षेत खरी जाणकार तीच. मग आठवीच्या मुलांना प्रश्न द्यावा: डबा रुंद व उथळ केला तर काय होईल? निखारे घमेल्यात काढून घेता येतील का?

दोन सूचना. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरू नये. तापल्यावर त्यातून घातक धूर निघतो. ही चूल तंबूत किंवा बंद खोलीत पेटवू नये. निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो, आणि तो जीव घेऊ शकतो. येलदरीच्या काठी सहल नेली तरी हा नियम मोडू नये.

शिबिरात चहा आणि खिचडीसाठी ही चूल जरूर न्यावी. मात्र गावातल्या चुलीला पर्याय म्हणून तिच्यापुढे फलक लावायचा असेल, तर त्यावर भाकरीचा आकडाही लिहावा.