‘हरकत नाही’ म्हणजे हक्क नव्हे

महाडच्या चवदार तळ्याविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी ठसठशीत दिसतात, विरोधक सनातनीही दिसतात. तळे ज्या नगरपालिकेच्या ताब्यात होते, ती मात्र बहुधा एका वाक्यात उरकली जाते : नगरपालिकेने तळे आधीच खुले केले होते. हे वाक्य तपासायला हवे. तळे खरोखर खुले झाले असते, तर सत्याग्रहाची गरजच पडली नसती.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा त्याचा आशय होता. पण कौन्सिलाने केली ती ‘शिफारस’. सरकारने आपल्या खात्यांना अंमलबजावणीची सूचना दिली. स्थानिक संस्थांबाबत मात्र, कलेक्टरांनी त्यांना या शिफारशीचा विचार करण्याचा सल्ला द्यावा, एवढ्यावरच ते थांबले. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने ठराव केला, तोही अस्पृश्यांनी तळे वापरण्यास हरकत नाही, अशा आशयाचा. शिफारस, सल्ला आणि ‘हरकत नाही’ : तिन्ही पायऱ्यांवर ‘हे झालेच पाहिजे’ असे कोणी म्हटले नाही.

परिणाम उघड होता. ठरावाला तीन वर्षे उलटल्यावर, मार्च १९२७ मध्ये महाडला भरलेल्या परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. २० मार्चला लोक तळ्यावर जाऊन पाणी प्याले. परतल्यावर त्यांच्यावर हल्ला झाला. पुढे १०८ घागरींनी तळ्याची ‘शुद्धी’ झाली. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, नगरपालिकेने आपला जुना ठराव रद्द केला.

हा एखाद्याच्या नियतीचा प्रश्न नव्हता. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे नगरपालिकेतले पुढारी या लढ्यात मनापासून उतरले होते. स्थानिक संस्था लोकांच्या सर्वांत जवळ असते, म्हणून हक्कांचे रक्षण तीच उत्तम करील, असे नेहमी म्हटले जाते. पण जवळ म्हणजे कोणाच्या? त्या काळी मताधिकार मालमत्ता आणि कर यांवर बेतलेला होता. ज्यांना पाणी हवे होते त्यांच्या हाती मते जवळजवळ नव्हती. ज्यांना ते द्यायचे नव्हते त्यांच्या हाती होती.

न्यायालयाचा निकालही नीट वाचावा. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सनातन्यांचा दावा फेटाळला, तो अस्पृश्यांचा पाण्यावर माणूस म्हणून हक्क आहे अशा कारणाने नव्हे. बंदीची चाल अनादि काळापासूनची आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही, म्हणून.

बोले ठरावातली यादी पुढे वेगळ्या रूपात भेटते, ती राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात : विहिरी, तलाव, स्नानघाट. इथे शिफारस जाऊन मनाई आली, आणि बाराव्या अनुच्छेदाने स्थानिक संस्थांनाही ‘राज्य’ मानले. १९८० मध्ये मध्य प्रदेशातील रतलामच्या नगरपालिकेने उघड्या गटारांबाबत पैसे नसल्याची सबब सांगितली, तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती मान्य केली नाही. कर्तव्याला तिजोरीची अट नाही, हे तिथे पक्के झाले.

तरीही जुने क्रियापद गेलेले नाही. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत अठरा विषय घातले, त्यांत पाणीपुरवठाही आहे. पण हे अधिकार राज्य विधिमंडळ नगरपालिकांना देऊ ‘शकेल’, एवढेच म्हटले.

म्हणून ग्रामपंचायतीचा असो वा महापालिकेचा, हक्कांविषयीचा कोणताही ठराव वाचताना तीन गोष्टी शोधाव्यात : काम कोणी करायचे, पैसा कोठून यायचा आणि न झाल्यास जाब कोणी द्यायचा. महाडच्या १९२४ च्या ठरावात ‘हरकत नाही’ होते, या तिन्हींची हमी नव्हती. त्याची किंमत तळ्यावरून परतणाऱ्यांनी अंगावर घेतली.