खिंड कुठे आहे?

फेब्रुवारी २०२५ मध्ये भरूचच्या एका चित्रपटगृहात ‘छावा’चा रात्रीचा खेळ चालू होता. संभाजी महाराजांचे हाल पडद्यावर पाहवेनात, म्हणून एक प्रेक्षक जागेवरून उठला, थेट पडद्याशी गेला आणि आग विझवायच्या सिलिंडरने त्याने पडदाच फाडला. भरूच आमच्या वडोदऱ्यातल्या अकोट्यापासून गाडीने फार तर दीड तास. बातमी दुसऱ्या दिवशी इथे घरोघरी पोचली, आणि तेव्हापासून मी ती एकाच सुरात ऐकतो आहे. सर सयाजीराव नगरगृहात नाटकाच्या मध्यंतरात चहा घेताना, दांडिया बाजारातल्या मुंजीच्या पंगतीत, सगळीकडे तेच: बघा, याला म्हणतात सिनेमाची ताकद!

मला हे पटत नाही, आणि नुसतं पटत नाही असं म्हणून गप्प बसणंही आता जमत नाही. त्या माणसाच्या दुःखाबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती त्या दुःखाला ज्याने असं बिनवाटेचं सोडलं त्या चित्रपटाबद्दल.

‘छावा’त चांगलं काही नाही असं मी म्हणणार नाही. लक्ष्मण उतेकर हे ‘टपाल’सारखा हळवा मराठी चित्रपट करून हिंदीत गेलेले दिग्दर्शक आहेत, कॅमेरा त्यांना कळतो. बुऱ्हाणपूरच्या छाप्याला वेग आहे. अक्षय खन्नाचा औरंगजेब थकलेला, हळू बोलणारा, आतून जळणारा म्हातारा आहे. अख्ख्या चित्रपटात न ओरडता उभा राहणारा तोच एक. पण संगमेश्वरला महाराज पकडले जातात आणि तिथून पुढे चित्रपटाकडे सांगण्यासारखं काही उरतच नाही. साखळदंड, सळया, मीठ, रक्त. एक यातना संपली की दुसरी, तिच्यापेक्षा मोठ्या आवाजात. पडद्यावर कुणाला काही ठरवायचं नाही, कुणाला काही निवडायचं नाही. आणि नेमक्या त्याच आठवड्यांत रायगडावर केवढं नाट्य घडत होतं! नवरा शत्रूच्या हाती, पदरात लहानगा शाहू, आणि येसूबाई गादी दिराला देतात, राजारामांना गडाबाहेर काढतात, स्वतः मुलासह मागे राहून रायगड लढवतात. १६८९च्या अखेरीस गड पडला. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं त्या मोगलांच्या कैदेत होत्या. एका बाईने घेतलेला इतका मोठा निर्णय मराठ्यांच्या इतिहासात दुसरा दाखवा. पडद्यावर त्याला जेमतेम जागा मिळते, कारण कॅमेरा सळयांवरून हलायला तयार नाही. भरूचच्या त्या प्रेक्षकाला करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. म्हणून त्याने कापडावर वार केला.

हे एकट्या ‘छावा’चं दुखणं असतं तर लेख लिहिला नसता. २०१८च्या ‘फर्जंद’पासून शिवकालीन चित्रपटांची जी रांग लागली आहे, तिच्यात हळूहळू दोन गोष्टी हरवत गेल्या: जागा आणि प्रतिपक्ष. आधी जागेचं बोलतो, कारण साहसपट उभा राहतो तो जागेवर. कोण कुठे उभा आहे, शत्रू कुठून येणार, मागे सरकायला किती वाव आहे, एवढं प्रेक्षकाला कळलं की त्याचे तळवे आपोआप घामेजतात. आपल्या इतिहासात तर असा एक प्रसंग आहे, जो जागेशिवाय सांगताच येत नाही. १३ जुलै १६६०, घोडखिंड. शिवाजी महाराजांना घेऊन पन्हाळ्यावरून पावसाच्या रात्री निघालेले, चिखल तुडवून पाय फुटलेले मावळे, मागे सिद्दी मसूद, पुढे विशाळगड, आणि तोही मोकळा नाही, त्याच्या पायथ्याशीही वेढा. मध्ये ही चिंचोळी वाट. बाजीप्रभूंनी ती निवडली, कारण तिथे संख्येला किंमत उरत नाही. लढाईचं सगळं शहाणपण त्या अरुंदपणात आहे.

२०२२ या एकाच वर्षात या खिंडीवर दोन चित्रपट आले, दिग्पाल लांजेकरांचा ‘पावनखिंड’ आणि अभिजित देशपांडे यांचा ‘हर हर महादेव’. दोन्ही पाहिले. दोन्ही पाहून बाहेर आलो तेव्हा विशाळगड डावीकडे की उजवीकडे, खिंडीत एका वेळी किती माणसं मावतात, पहिली फळी दमली की दुसरी कुठून पुढे येते, यातलं मला काहीही सांगता आलं नसतं. मला दिसले ते क्लोजअप. रक्ताळलेले डोळे, हळू गतीने उडणारं पाणी, दोन हातांत दोन तलवारी, आणि प्रत्येक वारानंतर संगीताचा दणका. अजय पूरकरांनी बाजीप्रभूंसाठी जीव ओतला आहे, शरद केळकरांनीही. नट कमी पडलेले नाहीत. कमी पडली ती खिंड. ती नुसती मागे उभ्या केलेल्या देखाव्यासारखी राहते. आणि शिवा काशीद? राजासारखा दिसतो म्हणून राजाच्या पालखीत बसलेला, मरणार हे ठाऊक असून बसलेला माणूस. तो प्रसंग येतो, डोळे ओले करतो आणि भाषणात विरून जातो. पालखीच्या पडद्याआड तो एकटा असताना काय करत असेल, हे दाखवायला एक शब्दही लागला नसता.

लांजेकरांना सुरुवातीला हे येत होतं, म्हणून राग जास्त. ‘फर्जंद’मध्ये साठ माणसांनी पन्हाळा घ्यायचा आहे, आणि चित्रपटाचा मोठा भाग तयारीत जातो: हेरगिरी, माहिती, गडाचा अंदाज. ‘फत्तेशिकस्त’मध्ये लाल महाल आहे, म्हणजे बंद घर, अंधार, ओळखीच्या खोल्या, आणि त्या बंदिस्तपणानेच छाप्याला धार आणली. पुढे ‘पावनखिंड’, ‘शेर शिवराज’, ‘सुभेदार’ असं करत करत योजना मागे पडत गेली आणि घोषणा पुढे आली. भालजी पेंढारकरांच्या ऐतिहासिक पटांत नाटकी बोलणं होतं, मान्य. पण घोडा खरा, धूळ खरी, आणि घोड्यावरून उतरणाऱ्या माणसाला घोडा माहीत असायचा. संगणकावरच्या दऱ्यांत उडी घेणाऱ्या आजच्या नायकाला पडायची भीतीच नाही. त्याला भीती नाही म्हणून मलाही नाही. ‘तान्हाजी’ने ही सवय हिंदीतून आपल्याला लावली, आणि ती अजून सुटलेली नाही.

मराठीतल्या बाकीच्या चित्रपटांवर फार शब्द खर्च करत नाही. ‘वेड’ची गाणी चालली, गोष्ट तेलुगूतून उसनी. ‘धर्मवीर’च्या दोन्ही भागांत प्रसाद ओक आहे आणि प्रचार आहे. ‘बाईपण भारी देवा’ने चित्रपटगृहं भरली याचा आनंद, पुन्हा पाहणार नाही. प्रवीण तरडेंच्या ‘मुळशी पॅटर्न’ला मात्र थांबून दाद दिली पाहिजे, कारण त्यातल्या प्रत्येक कोयत्यामागे सातबारा आहे. जमीन विकली, पैसा उडाला, बाप हमाली करतो आणि पोरगा हाणामाऱ्या. मार कुणी का खाल्ला हे कधी विसरायला होत नाही.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो तिकडे येतो. गेल्या पंधरा वर्षांत मराठीत सगळ्यात थरारक साहसदृश्य कोणतं, असं मला कुणी विचारलं तर मी तलवारीचं नाव घेणार नाही. मी ‘फँड्री’तली डुकराची पकड सांगेन.

आठवून पाहा. शाळेला लागून मोकळी जागा, झुडपं, चिखल, पडक्या भिंती. कचरूचं अख्खं कुटुंब दोरी घेऊन डुकरामागे धावतं आहे. नागराज मंजुळे यांनी ती जागा आपल्याला आधी नीट दाखवून ठेवली आहे: शाळा इथे, बघे तिथे, लपायला आडोसा या भिंतीचा. त्यामुळे कचरूचा मुलगा जब्या बापाला चुकवून भिंतीआड जातो तेव्हा तो कुणापासून लपतो आहे हे सांगावं लागत नाही. शाळा भरते आहे आणि शाळेत त्याला आवडणारी शालू आहे. डुक्कर पकडलं तर तिच्यादेखत, नाही पकडलं तर बापाचा मार. दोन्हीकडून कोंडी. घोडखिंडीत जो चिंचोळेपणा मला मिळाला नाही, तो इथे उघड्या माळावर मिळतो. आणि डुक्कर ऐन टप्प्यात आलेलं असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या थांबतो. त्याला पाहून बाप थांबतो. हातात दोरी, समोर डुक्कर, आणि माणसं ताठ उभी. त्या बावन्न सेकंदांत किती गोष्टी एकमेकींवर येऊन आदळतात! देश, जात, शाळा, पोट, लाज. कुठे हळू गती नाही, संगीताचा दणका नाही. पुढे पकडलेलं डुक्कर बांबूला टांगून नेताना शाळेच्या भिंतीवर आंबेडकर, जोतिबा, सावित्रीबाई रंगवलेले आहेत, आणि कॅमेरा ते आपल्याला बोट धरून दाखवत नाही. ओझं घेऊन माणसं त्यांच्यासमोरून जातात, एवढंच. शेवटी जब्या दगड उचलतो आणि तो सरळ आपल्या तोंडावर येतो.

‘फँड्री’ १४ फेब्रुवारी २०१४ला लागला, ‘छावा’ १४ फेब्रुवारी २०२५ला. अकरा वर्षांत दिशाच उलटली. तिथे दगड पडद्यातून प्रेक्षकाकडे आला आणि प्रेक्षक आपली जागा तपासत घरी गेला. इथे प्रेक्षकच पडद्यावर चालून गेला. मी पहिल्याला ताकद म्हणतो.

ही वाट ‘फँड्री’पाशी थांबली नाही. जयंत दिगंबर सोमलकरांचा ‘स्थळ’ २०२५च्या मार्चमध्ये प्रदर्शित झाला. चंद्रपूर जिल्ह्यातलं गाव, कापसाला भाव नाही, पोरगी शिकते आहे आणि तिला बघायला माणसं येतात. पुन्हा येतात. परत येतात. खोलीत पुरुषांची रांग, मधोमध सविता, आणि तेच प्रश्न: नाव, उंची, शिक्षण, छंद. प्रसंग तोच, मांडणी तीच, आणि प्रत्येक वेळी सविताच्या खांद्यांत काहीतरी बदललेलं. नंदिनी चिकटे हिने ते खांदे असे काही वापरले आहेत की चौथ्या-पाचव्या खेपेला मला उठून जावंसं वाटलं. प्रश्न विचारणारा कुणी राक्षस नाही. तोही कुणाच्या तरी मुलीचा बाप आहे. हा तो हरवलेला प्रतिपक्ष! रोहन कानवडेंच्या ‘साबर बोंडं’त तो आणखी विरतो. वडील वारले म्हणून दहा दिवस गावी अडकलेला आनंद, सुतकाचे नियम, नातेवाइकांच्या लग्नाबद्दलच्या चौकशा, आणि गावातल्या बाळ्याबरोबरची जवळीक. कॅमेरा बहुतेक स्थिर. माणसं चौकटीत येतात, बसतात, जातात. कुणी कुणावर हात उचलत नाही, तरी आनंदच्या आईने एखादं वाक्य उच्चारायच्या आधी घेतलेल्या श्वासाला मी घाबरलो. सनडान्समध्ये जागतिक विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालेला हा चित्रपट गणपती उठल्यावर सप्टेंबरात आला.

त्याच महिन्यात ‘दशावतार’ आला. दिलीप प्रभावळकरांचं वय ऐंशीच्या पुढचं, आणि पूर्वार्धात त्यांचा बाबुली मेस्त्री रंग चढवताना, बोटं थरथरत असताना, जे करतो ते कुठल्याही तलवारबाजीला भारी आहे. उत्तरार्धात खाणवाल्यांचा सूड सुरू झाला की चित्रपट अवतारांच्या देखाव्यात गुंततो आणि ते थरथरणं हरवतं. पहिल्या अर्ध्यासाठी जरूर पाहा.

यावर मला ठरलेलं उत्तर मिळतं: हे सगळं ठीक, पण शिवकालीन चित्रपटांनी मुलांना इतिहास कळतो. विशेषतः आमच्याकडे, महाराष्ट्राबाहेर. वडोदऱ्यात मुलं गुजराती-इंग्रजीत शिकतात, मराठी घरापुरती. वर्षाकाठी एखादा मराठी चित्रपट कुटुंबाने मिळून पाहिला जातो, आणि तो बहुधा भगव्याचाच असतो. ही ओढ मला समजते, माझीही आहे. पण मुलाला काय कळलं ते विचारून बघा. बाजीप्रभू शूर होते, हे त्याला चित्रपटाआधीही ठाऊक होतं. ते खिंडीतच का थांबले, हे त्याला नंतरही सांगता येत नाही. शौर्य बुद्धीपासून तोडून दाखवलं की मुलाच्या हाती फक्त आरडाओरडा येतो. शिवाजी महाराज ओरडून जिंकले नाहीत. ते नकाशा वाचून, पाऊस मोजून, माणूस ओळखून जिंकले. त्यांचा चित्रपट करताना नेमकं हेच वगळणं मला त्यांचा अवमान वाटतो, आणि टीका करणाऱ्यालाच अवमान करणारा ठरवायची जी रीत पडली आहे, ती तर मी मुळीच मानणार नाही.

आणि इतिहास म्हणजे एवढाच का? माझ्याच गावाचा घ्या. ९ नोव्हेंबर १८७४, बडोद्याची रेसिडेन्सी. रेसिडेंट कर्नल फेर सकाळी पपनसाचं सरबत दोन घोट पितो, चव वाईट लागते म्हणून उरलेलं फेकतो, आणि पेल्याच्या तळाशी गाळ दिसतो. सोमल आणि हिऱ्याची पूड, असा आरोप. संशय थेट महाराज मल्हारराव गायकवाडांवर. चौकशीला सहा जणांचं कमिशन बसतं, तीन इंग्रज, तीन हिंदी, त्यांत ग्वाल्हेरचे शिंदे आणि सर दिनकरराव. महाराजांच्या बचावाला लंडनहून बॅरिस्टर बॅलंटाइन येतो. सहांचे तीन-तीन असे दोन तुकडे पडतात, इंग्रज एकीकडे, हिंदी दुसरीकडे. तरीही गैरकारभाराच्या नावाखाली गादी जाते, आणि १८७५च्या मे महिन्यात कवळाण्याचा एक शेतकऱ्याचा पोर दत्तक येऊन सयाजीराव होतो. राजा धुतल्या तांदळाचा नव्हता, रेसिडेंटही नव्हता. यातल्या कुणाच्या नावाने घोषणा देता येत नाही, म्हणून यावर आज कुणी पैसे लावत नाही. पण त्या कमिशनसमोर बसलेल्या दिनकररावांवर कॅमेरा ठेवा. इंग्रजांचा मान मिळवलेला मराठी मुत्सद्दी, समोर आरोपी मराठी राजा, शेजारी इंग्रज न्यायाधीश, आणि आता याला मत द्यायचं आहे. मागे सरायला वाट नाही, पुढे सरकार. ज्या निर्मात्याला यात लढाई दिसत नाही, त्याने कृपा करून घोडखिंडीवर तिसरा चित्रपट काढू नये.