कथेतील जात-वर्गाचे अनुमान : भाषिक पुराव्याच्या मर्यादा

मराठी लघुकथेत पात्राची जात नाव घेऊन सांगितली जातेच असे नाही. आडनाव, बोली, हातातील हत्यार, घराची जागा यांवरून वाचक ती ताडतो. समीक्षकही पुष्कळदा हेच करतात आणि आपण ताडलेली गोष्ट कथेने सांगितलेलीच आहे, असे गृहीत धरून पुढील विवेचन रचतात. ही पद्धती कितपत ग्राह्य मानावी, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

प्रथम आडनावाचा पुरावा घेता येईल. शिंदे, जाधव, गायकवाड, पवार ही आडनावे मराठा समाजात जशी आढळतात तशीच दलित समाजातही आढळतात. म्हणजे कथेतील ‘जाधव’ या नुसत्या नावावरून काहीच सिद्ध होत नाही. जे सिद्ध झाल्यासारखे वाटते ते वाचकाने आपल्या पदरचे घातलेले असते.

बोलीचा पुरावा अधिक भक्कम वाटतो. परंतु तोही तपासून घ्यावा लागतो. वऱ्हाडीत ‘पाणी’चे ‘पानी’ होते आणि ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. हे त्या प्रदेशाचे विशेष आहेत, कोणा एका जातीचे नव्हेत. शिवाय लेखनपद्धतीच येथे पक्षपात करते. सुशिक्षित नागर भाषकही भरभर बोलताना ‘पायजे’ असाच उच्चार करतो. परंतु कथेत त्याच्या तोंडी ‘पाहिजे’ छापले जाते आणि शेतमजुराच्या तोंडी ‘पायजे’. एकाचा उच्चार टिपला जातो, दुसऱ्याचा झाकला जातो. भाषाविज्ञानाच्या परिभाषेत एक रूप चिन्हित ठरते, दुसरे अचिन्हित.

वर्ग आणि जात यांची गल्लत हा आणखी एक दोष. जालना जिल्ह्यात अंबड तालुक्यातील अंकुशनगर हे सहकारी साखर कारखान्याचे ठिकाण आहे. अशा परिसरात घडणाऱ्या कथेत उचल, मुकादम, कोयता, कोपी हे शब्द आले की पात्र ऊसतोड मजूर आहे हे निश्चित होते. नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणणाऱ्या या व्यवहारात माणसाची गणतीच हत्याराने होते, हेही त्यातून कळते. परंतु वंजारी, मराठा, बंजारा, दलित अशा अनेक समाजांतील माणसे या कामावर येतात. तेव्हा कोयता वर्ग सांगतो, जात सांगत नाही. आणि समीक्षकाने तेथेच थांबावयास हवे.

या अनुमानाची किंमत काय असते, हे बाबूराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेवरून ध्यानात येईल. याच नावाचा त्यांचा संग्रह १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. गुजरातेत रेल्वेच्या नोकरीवर रुजू झालेला निवेदक आपली जात उघड करीत नाही, आणि भोवतालची माणसे बोलण्यावागण्यावरून त्याला आपल्यातला मानतात. अनुमान चुकीचे असते तोवर त्याला मान मिळतो. सत्य कळताच मार मिळतो. माणूस तोच, खुणाही त्याच. येथे अनुमान हेच कथानक झाले आहे.

अमेरिकन लेखिका टोनी मॉरिसन यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रेसिटाटिफ’ या कथेत हाच प्रश्न वाचकापुढे ठेवला. दोन नायिकांपैकी एक गौरवर्णी, दुसरी कृष्णवर्णी. पण कोण कोणती, हे शेवटपर्यंत कळू दिलेले नाही. वाचक प्रत्येक खुणेवर निर्णय देतो आणि पुढच्या खुणेवर तो फिरवतो. बागुलांच्या कथेत पात्रे अनुमान करतात आणि वाचक ते पाहतो. मॉरिसन यांच्या कथेत वाचक स्वतःच त्या पात्रांच्या जागी जाऊन बसतो.

मराठी समीक्षेने यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. खूण नसलेले, प्रमाणभाषा बोलणारे पात्र सवर्ण मध्यमवर्गीयच असणार, हे सर्वांत रूढ आणि सर्वांत कमी तपासलेले अनुमान आहे. ते मान्य केले, तर प्रमाण मराठी बोलणारा दलित कारकून वा शिक्षिका कथेत असूनही वाचकाला दिसत नाही, आणि दलित पात्र दैन्याच्या खुणांवाचून ओळखताच येत नाही. म्हणून कथा काय सांगते, काय सुचविते आणि वाचक काय भरतो, या तिहींची नोंद समीक्षकाने वेगवेगळी ठेवली पाहिजे. कथेने जात अनुक्त ठेवली असेल, तर ती का ठेवली हा समीक्षेचा प्रश्न आहे. ती कोणती असेल, हा नव्हे.